हमीदाखाला पुन्हा पहिल्या पानावर

लालबागच्या चाळीत हमीदाखालांकडे तीस वर्षं दुपारी मुली कुराण वाचायला येत. खाला मूळच्या रत्नागिरीकडच्या. शिक्षण सातवी, आवाज मात्र असा खणखणीत की जिन्यातली भांडणंसुद्धा थांबावीत. नियम एकच, वाचताना अडखळायचं नाही. अडखळली की हातावर पट्टी. त्यांच्या मुली धडाधड वाचत आणि खालांना त्याचा भलता अभिमान होता.

त्यातलीच एक नौशीन गुजरातेतल्या मदरशात पाच वर्षं शिकून आलिमा, म्हणजे धर्माची जाणकार, होऊन परतली. भेटायला आली तेव्हा खालांनी हौसेनं तिला एक पान वाचून दाखवलं. ऐकताना ओळीवरून सरकणारं नौशीनचं बोट मध्येच थांबायचं. पुढे जायचं, पुन्हा थांबायचं. उस्तादाला तोंडावर टोकायचं नाही, हे तिला खालांनीच शिकवलेलं. पण चुकीवर बोट थांबवायची सवयही खालांचीच होती.

"किती?" खालांनी विचारलं.

"जाऊ द्या ना, खाला."

"किती, विचारलं मी."

"अकरा." नौशीननं मान खाली घातली. "घशातले आवाज तुम्ही जिभेवर काढता. जड अक्षरं हलकी होतात. पण वाईट नका वाटून घेऊ. अडखळत वाचणाऱ्याला तर दुप्पट सवाब, दुप्पट पुण्य असतं."

"मी कुठे अडखळले गं? मी चुकीचं धडाधड वाचलं. आणि साठ पोरींकडून वाचून घेतलं."

त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. लाज वाटत होती आणि रागही येत होता, पण नौशीनचा नाही, स्वतःचा. आजीकडून जसं ऐकलं तसं पुढे दिलं, कुणाला विचारावंसं कधी वाटलंच नाही. अल्लाहचा शब्द म्हणायचा आणि तो नीट उतरलाय का हे बघायचं नाही, असं कसं झालं?

दुसऱ्या दिवशी त्यांनी दाराशी आलेल्या मुलींना नौशीनकडे पाठवलं आणि स्वतःही मागोमाग गेल्या. सात-आठ वर्षांच्या पोरींच्या रांगेत, दुखरा गुडघा सावरत, चटईवर बसल्या. अक्षरओळखीच्या पुस्तकाचं पहिलं पान, पहिलं अक्षर. पोरी खुदुखुदु हसल्या.

"हसा," खाला म्हणाल्या, "पण माझ्या पुढे जाऊन दाखवा."

घरी त्या समोर आरसा ठेवून, गळ्यावर बोट टेकवून, एकच आवाज शंभर-शंभरदा काढत. शेजारच्या सुंदराबाई एका सकाळी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"गो हमीदा, तीन दिस घसो खाकरतस. काढो करून देव?"

"काढा नको. शिकतेय."

"ह्या वयात?"

"मग काय कबरीत शिकू?"

आठ महिन्यांनी नौशीन म्हणाली, "खाला, आता वर्ग पुन्हा सुरू करा." खालांनी नकारार्थी मान हलवली. आधी जुनं निस्तरायचं होतं. त्यांनी जुन्या मुलींना एकेक करून फोन लावले, चुकीचं शिकवलं, आता नीट शिकवते म्हणून. कुणी हसली, कुणी मूल रडतंय म्हणून फोन ठेवला. खाला पुन्हा लावत राहिल्या.

शाहीनचा नंबर मात्र कुणाकडेच नव्हता. सगळ्यांत जास्त पट्टी तिनंच खाल्लेली. तिचा पत्ता हुडकून खाला परळला तिच्या घरी पोहोचल्या. शाहीननं दार उघडलं आणि नकळत हात मागे लपवला. ते खालांनी पाहिलं.

"मी सोडलं, खाला. दहाव्या वर्षीच. तुम्हीच म्हणालात, तुला जमायचं नाही."

खाला जमिनीवर बसल्या. पिशवीतून पोरींचं ते पहिलं पुस्तक काढलं आणि वाचू लागल्या. एका अक्षरावर थांबल्या, मागे गेल्या, पुन्हा थांबल्या. शाहीन बघतच राहिली.

"खाला, तुम्ही अडखळताय."

"हो. चुकलं होतं माझं, पोरी. बस इथे. तूही अडखळ, मी थांबते."

शाहीननं डोक्यावर ओढणी घेतली आणि त्यांच्या शेजारी बसली. पहिल्याच अक्षरावर ती अडली. खालांनी तिचा हात आपल्या हातात घेतला आणि तिला हवा तेवढा वेळ दिला.