न फुंकता वाजणारं वाद्य

वामनला गिटार घ्यायची होती आणि त्याचं वय होतं चोपन्न. हे त्याने जव्हारला येऊन, एसटी स्टँडमागच्या फॉर्म भरायच्या दुकानात कामाला असलेल्या आपल्या मुलीला सांगितलं. तेही लगेच नाही. दुकानाच्या पायरीवर बसून दहा मिनिटं धापा टाकून झाल्या, मग. रविनाला वाटलं, बा गावातल्या कुणा पोरासाठी चौकशी करतोय.

"मलाच पाहिजे," तो म्हणाला. "लायटीवरची. तिला फुंकायला लागत नाय."

फुंकणं हाच तर सगळा प्रश्न होता. साखरशेतात, म्हणजे त्याच्या पाड्यावर, वामनची ओळख तारपेवाला म्हणून. वाळलेल्या भोपळ्याला बांबूच्या दोन नळ्या मेणाने बसवलेला आपला तारपा तो दिवेलागणीला तोंडाला लावायचा आणि पोरीबाळी, म्हातारेकोतारे त्याच्याभोवती गोल धरून नाचायचे. नाचणाऱ्याने तारप्याकडे पाठ करायची नाही आणि तारपेवाल्याने आवाज तुटू द्यायचा नाही, हा रिवाज. गालांत हवा साठवायची, ती सोडता सोडता नाकाने दुसरी ओढायची. वामन असा तास तास वाजवी. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीच्या सणाला वाजवायचं, भात घरात आलं की खडीच्या क्रशरवर कामाला जायचं, असं त्याने बारा वर्षं केलं. मग डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरला आणि सांगितलं, दगडाची धूळ बसलीय, ती निघत नाही, आता उरलाय तो दम जपून वापरा. भरपाई मागितली तर क्रशरच्या मालकाने वही उघडून दाखवली; त्या वहीत वामन नावाचा माणूस कधी कामालाच आला नव्हता. धूळ मात्र बरोबर पत्ता शोधत आली होती.

दोन वर्षं तारपा आढ्याला टांगलेला. गेल्या वाघबारशीला पाड्यावरच्या पोरांनी स्पीकर आणला, फोनवरची गाणी लावली आणि ज्याला जिकडे वाटेल तिकडे तोंड करून तो नाचला. वामन ओट्यावर बसून बघत राहिला. पुढे जामसरला एका लग्नात हेमराजच्या बँजो पार्टीतला गिटारवाला त्याच्या नजरेत भरला. तोंडात तंबाखू, डोळे जेवणाच्या रांगेकडे, आणि बोटं आपली धावतायत. वामनची बोटं अजून धडधाकट होती. एवढ्या एका गोष्टीवर त्याने सगळा मनसुबा रचला.

यंदाच्या वाघबारशीला साखरशेतात गोल धरला जावा आणि त्याच्या मधोमध आपण असावं, बाकी त्याला काही नको होतं. त्याच्या पुढच्या वाघबारशीची गोष्ट तो काढत नव्हता आणि रविनाही काढत नव्हती.

रविनाने पगारातून बाजूला टाकलेले सात हजार होते. तिच्या आईने, काळीने, हे ऐकलं आणि भांडी आपटली. तेवढ्यात सहा महिन्यांची औषधं येतात, असं तिचं म्हणणं. औषधांनी धूळ निघते का, असं वामनने शांतपणे विचारलं.

नीलेशच्या साउंडच्या दुकानात लग्नाचे स्पीकर, लायटिंगच्या माळा आणि भिंतीला टांगलेल्या चार गिटारी होत्या. नीलेश माणूस सरळ होता. त्याने आधीच बजावलं, सगळे पैसे गिटारीवर घालू नका. लायटीवरची गिटार नुसती घरी नेली तर शेजारच्यालाही ऐकू जाणार नाही, आवाजाचा डबा वेगळा घ्यावा लागतो, वायर वेगळी. एक लालभडक नवीकोरी होती, तिच्यावर रविनाचा जीव जडला. नीलेशने तिची मान डोळ्यासमोर आडवी धरून दाखवली. मान वाकडी, तारा पट्टीपासून उंच, आठ दिवसांत बोटं सोलून निघतील. तपकिरी होती ती मात्र जुनी असून सरळ आणि खणखणीत. या पैशात हिच्यासारखी दुसरी मिळणार नाही, असं त्याचं मत पडलं.

वामनने तपकिरी गळ्यात अडकवली. पट्टा छातीवरून आला, लाकडाचं वजन लटकलं, आणि मिनिटभरात ओठ निळे पडून तो स्टुलावर बसला. बसूनही ती छातीला टेकलेलीच. दम परत आल्यावर त्याने निवडायची आपली पद्धत सुरू केली. एकेक गिटार तळहातांवर घ्यायची, तोलायची आणि ठेवून द्यायची. रंग पाहिला नाही, आवाजही ऐकला नाही. शेवटी कोपऱ्यातली एक उचलली. तिचा कोपरा उडालेला, एक खुंटी सैल, पण आतून पोकळ आणि वजनाला सुपासारखी. नीलेश म्हणाला, काका, हिचा सूर टिकत नाही, सारखी खुंटी पिळत बसाल.

"सूर मी बघून घेतो," वामन म्हणाला. "ही छातीवर बसत नाय."

त्या दुकानात आपल्या सगळ्यांची अक्कल कुठे गेली होती, असं रविनाला नंतर कित्येकदा वाटलं. मान पाहिली, तारा पाहिल्या, वजन तोललं. बाचे गाल पाहायचे राहिले.

पहिले पंधरा दिवस मजेत गेले. वामनने जाड तार तारप्याच्या घुमणाऱ्या नळीच्या सुराला लावली, बारीक तारांवर बोटं शोधत राहिला, चुकला की स्वतःच हसला. खुंटीने त्याला जेरीस आणलं, पण तिच्याशी भांडण्यातही त्याचा दिवस बरा जाई. रविना कामावरून शेवटच्या जीपने यायची तेव्हा पाड्याच्या वाटेवरच तो आवाज तिला गाठायचा. इतकं हलकं तिला दोन वर्षांत वाटलं नव्हतं.

मग एका रविवारी सकाळी वाघबारशीची चाल बोटांत उतरली. रविना अंगणात नाचणी पाखडत होती. चाल ऐकून तिने आनंदाने मान वर केली आणि पाहिलं, तर बाचे गाल टम्म फुगलेले. तोंड मिटलेलं, मानेच्या शिरा ताठ, नाकपुड्या ओढतायत. तो फुंकत होता. तोंडाशी काही नव्हतं आणि तरी जीव खाऊन फुंकत होता. चालीचे चार फेरे झाले आणि गिटार घसरली. वामन दोन्ही हात जमिनीला टेकून, तोंड वासून, हवा शोधू लागला.

दुसऱ्या वेळी गाल फुगले तसा काळीने त्याच्या ओठांवर तळहात ठेवला.

"तोंड उघडं ठेव," ती म्हणाली.

त्याने उघडं ठेवलं, तशी बोटं जागच्या जागी थांबली. मग नाना उपाय झाले. पान चघळून पाहिलं, दातांत आडवी काटकी धरून पाहिली, रविनाने त्याला मोठ्याने आकडे म्हणायला लावले. तोंड मोकळं झालं की बोटांना वाट सापडेना. पस्तीस वर्षं त्या बोटांनी गालांचा हुकूम ऐकला होता, आता ती दुसऱ्या कुणाचं ऐकायला तयार नव्हती. जिला फुंकायला लागत नाही म्हणून आणली, ती गिटारही त्याचा दमच मागत होती.

वामनने दोन दिवस तिला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने ती रविनाच्या मांडीवर ठेवली. बाईने तारपा फुंकायचा नाही असा पाड्यावरचा रिवाज. गिटारीबद्दल कुणी काही सांगून ठेवलेलं नव्हतं.

रोज संध्याकाळी शिकवणी बसे. तो एक तुकडा वाजवी, गाल फुगत, मग पाव तास भिंतीला टेकून दम गोळा करी, आणि तेवढ्यात ती त्याच्या बोटांकडे, तोंडाकडे पाहून घेतलेलं वाजवून बघे. चूक झाली की त्याला परत वाजवावं लागे. म्हणून रविना डोळ्यांत तेल घालून शिकली. आपण काय खर्चून शिकतोय हे तिला पुरतं कळत होतं. एकदा तिने बास म्हटलं, तर त्याने मान हलवली आणि गिटार ओढून घेतली. काळी दोघांशीही बोलेनाशी झाली.

वाघबारशीला हेमराजने मोठा स्पीकर आणि जनरेटर फुकट पाठवला. सूर्य टेकला तसा पाडा अंगणात जमला. वामन मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीवर, आधाराची काठी हातात, शेजारी रविना. तिने चाल धरली. पाड्यातली सगळ्यात जुनी नाचणारी मंगळी, तिने पहिला पाय टाकला, पोरींनी तिच्या कमरेला हात घातले, मागून पोरं आली, आणि गोल फिरू लागला. कुणाचीही पाठ इकडे नव्हती. रविनाला रडू आलं, ते तिने येऊ दिलं.

तिने कौतुकाने बाच्याकडे पाहिलं. त्याची बोटं काठीवर धावत होती. गाल फुगले होते.

तिने चाल हळू केली, तर तोही हळू झाला, पण थांबला नाही. ओठ निळे पडत चालले होते आणि डोळे हसत होते. असे हसरे डोळे तिने लहानपणी पाहिलेले. आवाज तुटू द्यायचा नाही, हे तिला त्यानेच शिकवलं होतं. तिने आणखी दोन फेरे वाजवलं. मग हात घालून वायर उपटली.

गोल अडखळून थांबला. नुसता जनरेटर धडधडत राहिला. वामनची बोटं काठीवर थोडी पुढे गेली आणि मग त्याने तिच्याकडे पाहिलं.

"थांबलीस कशाला?" ओठ हलले एवढंच, आवाज निघण्याइतकी हवा नव्हती.

पाच दिवस तो अंथरुणावर होता आणि तिच्याशी एक शब्द बोलला नाही. बोलायला दमच नव्हता, असं रविना स्वतःला समजावते. सहाव्या दिवशी पहाटे तो गेला. तू केलंस ते बरोबर केलंस, असं जो तो तिला सांगत होता, आणि त्या सांगण्याचा तिला राग येत होता.

बाराव्याला माणसं जेवून उठली तेव्हा मंगळी तिच्याजवळ येऊन बसली. चाल अर्धी राहिलीय, ती म्हणाली, ती पुरी कर. रविना नाही म्हणत होती. मंगळीने गिटार स्वतः आणून तिच्या हातात दिली. स्पीकर परत गेला होता, डबा लावायला लाईट नव्हती. नुसत्या तारांचा बारीक आवाज ऐकायला माणसं सरकून जवळ आली.

जिथे तोडली होती तिथूनच तिने चाल उचलली. बोटं चुकली नाहीत. दोन फेरे झाले असतील, तेवढ्यात आतून काळी धावत आली आणि तिचा तळहात रविनाच्या तोंडासमोर येऊन थांबला. तेव्हा रविनाला कळलं की आपले गाल फुगलेत. सगळं बाच्याकडे बघून शिकलेली ती, हेही शिकली होती.

मंगळी काहीतरी म्हणू लागली. काळीने हात खाली घेतला.

"फुंकू दे तिला," ती म्हणाली. "तिची छाती अजून कोरी हाय."

चाल संपेपर्यंत तिथून कुणी पाठ फिरवून उठलं नाही.