तीनांची रांग आणि सतरा

“तेहतीस कोटी तेहतीस लाख तेहतीस हजार तीनशे एकतीस! या संख्येला निःशेष भाग घालून दाखवेल असा कुणी मायेचा पूत आहे का शाळेत?”

डब्याच्या सुट्टीत माइकच्या खोलीतून शाळाभर नोदोकाचा आवाज घुमला. माइकवरून विचारून दाखवच, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. ओनो गावात सोरोबानचे, म्हणजे जपानी हिशेबपाटीचे, मणी सरकवतच पोरं मोठी होतात, तिथे असं आव्हान म्हणजे चेष्टा नव्हे! पण नोदोकाला खात्री होती. ३१ मूळ संख्या, ३३१ मूळ, ३३३१ही मूळ. पुढे एकेक तीन लावत गेलं तर आठ अंकांपर्यंत भाग जातच नाही, असं तिने पुस्तकात वाचलं होतं. मग नववा अंक काय वेगळं करणार? उद्याच्या शाळा-महोत्सवासाठी गणित मंडळाच्या कापडी फलकावर तिने हीच संख्या ‘मूळ संख्या’ म्हणून हातभर अक्षरांत रंगवली होती.

“स-सतराने जातो,” माइकची बटणं सांभाळणारी शिओरी हिगाशिदे म्हणाली. बोलताना ती नेहमीच अडखळायची.

दारातल्या मैत्रिणी फिदीफिदी हसल्या. झालं, नोदोकाला चेव चढला.

“हिगाशिदे-सान, मणी घसरला असेल गं तुझा! आमच्या बाबांच्या वर्गात ये, छोट्यांच्या रांगेत बसवतील.”

माइकचा लाल दिवा चालूच होता. वर्गावर्गांतून हशा उसळला. शिओरीने अर्धा डबा तसाच झाकला आणि ती निघून गेली.

संध्याकाळी बाबांचा सोरोबानचा वर्ग भरला होता. शिओरीला उद्या पुराव्यासकट गप्प करायचं म्हणून नोदोकाही मागे जाऊन बसली. तिने संख्या मांडली आणि सतराने भागायला घेतलं. मणी टकाटक सरकत गेले. शेवटी एक्कावन्न उरले.

सतरा त्रिक एक्कावन्न.

उरलेले मणीही आपापल्या जागी परतले. बाकी शून्य. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. शेजारच्या चिमुरडीने विचारलं, “ताई, चुकलं का?” तर तिच्याकडे बघवेना. चूक भागाकाराची असती तर परवडली असती. अडखळणाऱ्या मुलीचं तिने शाळाभर हसं केलं होतं, आणि तेही ती बरोबर असताना!

“आज तोंडाला कुलूप का गं?” जेवताना आईने मिसो सूपची वाटी पुढे सरकवली. नोदोकाने सगळं सांगून टाकलं, मान खाली घालून.

“हात्तिच्या! सकाळी लवकर जाऊन फलक काढून टाक,” बाबा म्हणाले. “कुणाला कळतंय?”

क्षणभर तिला हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली.

“नाही बाबा. आई, तूही ऐक, माझं ठरलंय. फलक तिथेच राहील, आणि त्याखाली उभी राहून मी सगळ्यांदेखत सतराने भागणार. पण त्याआधी माइकवरून हिगाशिदे-सानची माफी मागणार. शाळाभर ऐकू जाईल अशी.”