ब्रेकवरचं फडकं

"वहिनी, दादाला सांगा, आजच्या दिवस तरी खुन्नस काढू नको म्हणावं!" भाऊजी अंगणातून ओरडले.

चहा गॅसवर तसाच ठेवून मी बाहेर आले. मोटरसायकलच्या पुढच्या ब्रेकला पिवळं मळकं फडकं बांधलेलं होतं. घट्ट, गाठीवर गाठ मारून.

आमच्या घरात मोटरसायकल एकच. आमचे हे रात्रपाळीला पाण्याच्या पंपावर, धाकटे दीर दिवसा दवाखान्यात तात्पुरते वॉर्डबॉय. हे सकाळी यायचे, मग तीच गाडी घेऊन ते निघायचे. गाडीत काही बिघाड दिसला, तर आलेल्यानं त्या जागी फडकं बांधायचं, ही यांचीच पद्धत. चाकाला बांधलं तर हवा बघायची, चेनला बांधलं तर चेन, ब्रेकला बांधलं तर ब्रेक. बघून नीट करून घेतल्याशिवाय गाडी काढायची नाही. गाडी शिकवतानाच यांनी भावाचा कान धरून हे पाठ करून घेतलं होतं.

तेव्हा दोघं बोलत होते. मग सासूबाई आजारी पडल्या. धाकटे म्हणाले, मोठ्या दवाखान्यात नेऊ. हे म्हणाले, दोन दिवस बघू. त्या दोन दिवसांतच त्या गेल्या. "तू मारलंस आईला," असं धाकटे सगळ्यांदेखत बोलले, आणि तेव्हापासून घरात दोन मुके आणि मी त्यांची टपालवाली. भाजीत मीठ कमी आहे, हेसुद्धा माझ्यामार्फत. थेट बोलणं उरलं होतं ते एवढंच, फडक्याचं.

"उगीच कशाला बांधतील हो?" मी म्हटलं.

"मागच्या आठवड्यात बांधलं होतं. काय निघालं? जराशी हवा कमी! कामावर उशीर झाला, वर बोलणी खाल्ली. आज माझी कायम व्हायची मुलाखत आहे, ठाऊक आहे त्याला." त्यांनी ब्रेक दाबला आणि गाडी पुढे ढकलून बघितली. जागची हलली नाही. "बघा. लागतोय की नाही?"

मी आत गेले. हे भिंतीकडे तोंड करून पडले होते. झोप लागली नव्हती, मला काय कळत नाही?

"काय झालंय ब्रेकला?"

"फडकं बांधलंय ना? डोळे आहेत त्याला."

"अहो, मला तरी सांगा!"

"त्याला येऊन विचारू दे. दुकान उघडलं की मी नेणारच आहे गाडी."

मी पुन्हा बाहेर. "भाऊजी, एकदा विचारा ना त्यांना. माझ्यासाठी."

"त्याला तोंड आहे ना? उठून सांगू दे."

डोळे होते, तोंड होतं, मेल्यांना सगळं दिलं होतं देवानं, अक्कल तेवढी राहून गेली. मी उंबऱ्यात उभी राहून एकदा आत बघत होते, एकदा बाहेर. भाऊजींनी गाठ ओढून सोडली, फडकं भिरकावलं आणि किक मारली.

खाट करकरली. हे अनवाणी दारापर्यंत आले.

"थांब," म्हणाले.

आई गेल्यापासून भावाशी बोललेला हा त्यांचा पहिला शब्द. तो मी एकटीनं ऐकला. गाडी गल्लीच्या टोकाला वळली होती.

मग मला सांगितलं. ब्रेकच्या केबलच्या तारा आतून तुटत आल्यात. हळू दाबलं तर धरतो, जोरात दाबलं की तुटणार. पुलाच्या उतारावर पुढचा ट्रक थांबला, तेव्हा भाऊजींनी जोरातच दाबला.

उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. नोकरीचं आता घरात कुणी विचारत नाही.

आता हे बोलतात. नको इतकं बोलतात. आज कृत्रिम पायाचं माप द्यायचं होतं, तर सकाळपासून गाडीभोवती फेऱ्या घालत होते. "हवा बघितली रे. चेन बघितली. केबल दोन्हीकडे नवी टाकलीय. तू मागं नुसता बस, मी अगदी हळू नेतो."

भाऊजी कुबड्या टेकत गाडीपाशी आले. मला वाटलं, बसतात. बसू दे रे देवा, म्हटलं.

त्यांनी यांच्या खांद्यावरचं फडकं ओढून घेतलं. कुबडी काखेत दाबून धरून ब्रेकला बांधलं. गाठीवर गाठ मारली. आणि बसथांब्याकडे चालू लागले.

"अरे, ब्रेक चांगला आहे!" हे मागून ओरडले. ते वळले नाहीत.

"तू विचार ना त्याला," हे मला म्हणाले, "काय झालंय म्हणावं."

"तुम्हीच विचारा," मी म्हटलं. "तोंड आहे ना तुम्हाला?"

मी भाऊजींच्या मागे निघाले, त्यांना बसमध्ये चढवायला कुणीतरी हवं होतं. वळून बघितलं तर हे गाडीपाशीच उभे होते. गाठ सोडलेली नव्हती.