डॅशबोर्डाच्या पोटातली सुपारी

मी एक सुपारी बोलतेय. अडकित्त्यात सापडते ती नव्हे, पूजेची. फरक आहे बरं का! आमच्यातल्या बहुतेक जणी कुणाच्या तरी दाढेखाली जातात, एखादीच्याच कपाळी कुंकू लागतं. मला लागलं होतं. परभणीतल्या एका अंगणात मी घटकाभर गणपती होते. त्यानंतरचे आठ महिने मी एका गाडीच्या डॅशबोर्डात पडून खडखडत होते, आणि त्याला एकटा रस्ता जबाबदार नव्हता. मी जळत होते. उगाच कशाला लपवू?

माझा जन्म दूर दक्षिणेतल्या एका बागेतला. पोत्यात बसून परभणीच्या किराणा दुकानात आले आणि काचेच्या बरणीत पडले. एक दिवस हेमानं बरणीत हात घातला, मूठभर सुपाऱ्या काढल्या, एकेक बोटांत फिरवून पाहिली. मला ठेवलं, बाकीच्या परत टाकल्या. "ही द्या. चांगली गोल आहे," दुकानदाराला म्हणाली. त्या गोलपणानंच पुढं माझा घात केला.

हेमा पालमच्या शाळेत शिकवते. बारा वर्षं ती एसटीनं गेली. परभणीहून गंगाखेड, तिथं बस बदलायची, मग पालम. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी बाई गाडी चालवायला शिकली आणि स्वतःच्या शिलकीतून एक जुनी गाडी घेतली. तिचे यजमान माधवराव कचेरीत कारकून. त्यांना स्कूटरच्या पुढं काही येत नाही. "या वयात कशाला हे खूळ?" एवढंच ते म्हणाले, पण चारदा म्हणाले.

गाडीच्या पूजेला हेमानं डॅशबोर्डवर विड्याचं पान ठेवलं, पानावर तांदूळ, तांदळावर मी. हळद, कुंकू, दूर्वा, अक्षता, सगळं रीतसर. मग हात जोडून म्हणाली, "गणपतीबाप्पा, मला गाडी नीट चालवू दे." हे ती मला म्हणाली. मला! जन्मात पहिल्यांदा कुणी माझ्याकडं काही मागत होतं.

तेवढ्यात माधवराव आले. "चला, आवरा. ऊन चढायलंय." त्यांनी एका हातानं पान उचललं, पान कलंडलं आणि मी घरंगळले. आधीच्या मालकानं डॅशबोर्डच्या मधोमध बसवलेला छोटा स्पीकर काढून नेला होता. तिथं वाटोळं भोक होतं. मी त्यातून सरळ खाली गेले.

"सुपारी कुठंय?" हेमानं विचारलं.

"असंल की पानात गुंडाळलेली," माधवराव म्हणाले आणि पान निर्माल्यात टाकून मोकळे झाले. पानात कुणी पाहिलं नाही.

मला वाटलं, आज ना उद्या शोधतील. कुणी शोधलं नाही. उलट चतुर्थीला माधवराव पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला गेले आणि देवळाबाहेरच्या दुकानातून एक गणपती घेऊन आले. प्लास्टिकचा, सोनेरी, मागं उन्हावर लुकलुकणारा दिवा. "म्हटलं, भोक बी झाकलं जाईल," म्हणाले, आणि चिकटपट्टी लावून तो बरोब्बर त्या भोकावर बसवला.

आता तुम्हीच सांगा. मंत्र म्हटले माझ्यावर, कुंकू लागलं मला, आणि माझ्या डोक्यावर हा लुकलुक्या येऊन बसला! रोज सकाळी हेमा त्याच्यापुढं एक फूल ठेवायची, त्याच्या पायाला बोट लावून ते आपल्या कपाळाला लावायची आणि मगच किल्ली फिरवायची. फुलाचा वास फटीतून खाली यायचा. फूल काही यायचं नाही. माझा नुसता तिळपापड व्हायचा.

गंगाखेडच्या पुढं रस्ता खराब आहे. एक दिवस गाडी खड्ड्यात आदळली, मी उडून पत्र्यावर आपटले. खड! हेमानं गाडीचा वेग कमी केला. "अगं बाई, कसला आवाज हा?" ती म्हणाली. पूजेनंतर पहिल्यांदा तिला माझी दखल घ्यावी लागली होती. मग मी सोडते होय? त्या दिवसापासून खड्डा येवो न येवो, जरा कुठं गाडी हलली की मी अंग झोकून द्यायची.

हेमानं आधी डॅशबोर्डचा खण रिकामा केला. चष्म्याचं घर, पाण्याची बाटली, खडूचा डबा, सगळं मागच्या सीटवर गेलं. आवाज होताच. मग तिनं जुन्या प्रश्नपत्रिकांच्या घड्या करून एकेक फट बुजवली. आवाज होताच.

रविवारी माधवराव शेजारी बसले. ते शेजारी बसले की पायाखाली ब्रेक असल्यासारखा पाय दाबून धरतात. "गाडीला काही झालं नाही," ते म्हणाले. "तुझं चालवणंच असं आहे. रोज गाडी खड्ड्यात घालायलीस, मग खिळखिळी होणार नाही तर काय?"

हेमानं नुसता गियर बदलला. पण त्या बोलण्यातली धग माझ्या चांगल्या ओळखीची होती. बायको सकाळी किल्ली फिरवून निघून जाते आणि आपण फाटक लावायला मागं उभे, हे त्यांना सोसत नव्हतं. मला वरचा गणपती सोसत नव्हता. दोघांचं दुखणं एकच, पण म्हणून मला त्यांचा कळवळा आला असं काही नाही.

हेमा गाडी घेऊन बन्सीधर मिस्त्रीकडं गेली. गाडीतली खडखड शोधावी तर बन्सीधरनं, असा त्याचा लौकिक. "म्याडम, आवाज डोळ्यानं सापडत न्हाई," तो म्हणाला. "तुमी चालवा, मी ऐकतो." मुद्दाम खराब रस्त्यावर गाडी घ्यायला लावून तो डोळे मिटून बसला. डॅशबोर्डवर एकेका ठिकाणी तळहात दाबायचा. दाबल्यावर आवाज थांबला की चोर तिथंच, ही त्याची रीत.

मग त्यानं खण उतरवला, टेप बाहेर काढला. दोन क्लिपा ढिल्या निघाल्या, एका वायरीचं टोक आतल्या आत आपटत होतं. त्यानं क्लिपांखाली जाड कापडाच्या पट्ट्या घातल्या, वायर बांधली, खालून हात घालून स्पंजचे तुकडे कोंबले. त्याची बोटं माझ्यापासून चार बोटांवर आली होती हो! खडखड निम्मी झाली. उरलेली निम्मी मी होते.

"म्याडम, आता ऱ्हायला तो आवाज प्लास्टिकचा न्हाई," बन्सीधर म्हणाला. "आत कायतरी सुटं पडलंय. हितलं तेवढं बघायचं ऱ्हायलं." त्यानं वरच्या गणपतीकडं बोट केलं.

माधवराव सोबत होतेच. "देवाला हात लावायचा नाही! चतुर्थीला बसवलाय."

बन्सीधरनं पटकन हात जोडले. "न्हाई बाबा, देवाच्या कामात मी कशाला पडू?"

तीनदा गाडी त्याच्याकडं गेली आणि तिन्ही वेळा असंच झालं. सगळी गाडी उसवली, पण त्या लुकलुक्याचं आसन कुणी हलवलं नाही.

एक गोष्ट मात्र कबूल करते. बन्सीधरनं कोंबलेल्या स्पंजात एक मऊ खळगा झाला होता. त्यात जाऊन पडलं की माझा आवाज होत नसे. एकदा मी अर्धा दिवस तशी पडून पाहिलं. काय मिळालं? हेमानं दिवसभर माझं नाव काढलं नाही आणि संध्याकाळी त्याला नमस्कार केला. मी खळग्यातून बाहेर आले.

मग एके दिवशी माधवराव अंगणात गाडीशी उभे राहून म्हणाले, "मानवतचा बालाजी आहे ना, माझा मित्र? रविवारी संध्याकाळी गाडी बघायला येतोय. देऊन टाकू. तुझं बसनं बरं चाललं होतं."

"आवाज गेला तर?" हेमानं विचारलं.

"गेला तर ठेव की. माझं काही म्हणणं नाही. पण जात नाही ना!"

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर हेमा गाडीत येऊन बसली. किल्ली फिरवली नाही. दोन्ही हात डॅशबोर्डवर टेकले आणि रडायला लागली. "एवढी एक गोष्ट मी माझी म्हणून केली रे," ती म्हणाली. "काय चुकायलंय माझं, ते तरी सांग." अर्थात हे तिनं त्यालाच विचारलं. तो काय सांगणार, कप्पाळ? उत्तर माझ्याकडं होतं. पण तिचे हात माझ्या अगदी वर होते. मला माझी लाज वाटली. मीच तर तिच्याविरुद्धचा पुरावा होते!

त्या दिवशी मी मुकाट्यानं खळग्यात जाऊन पडले. पालम ते परभणी, एक शब्द नाही. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. हेमा गाडी चालवताना गुणगुणायला लागली.

रविवारी सकाळी माधवराव खात्री करायला शेजारी बसले. खिडक्या बंद केल्या, कान टवकारले. पोखर्णीच्या फाट्यापर्यंत काही नाही. तिथून परत फिरलो तरी काही नाही. माधवरावांचा चेहरा उतरत चालला. मी अंग चोरून पडले होते. वाटलं, जिंकली हेमा.

आणि तिनं डावा हात पुढं केला, त्या सोनेरी पायांना लावला आणि म्हणाली, "पावलास रे देवा! तुझ्यामुळं वाचली माझी गाडी."

त्याच्यामुळं! तीन दिवस श्वास कोंडून मी पडलेली आणि पावला कोण, तर हा! माझं टाळकंच फिरलं. पुढच्या हिसक्याला मी खळग्यातून उसळले आणि अशी आदळले, अशी आदळले की काचसुद्धा थरथरली असेल.

"झालं!" माधवराव म्हणाले. "लागलं परत वाजायला. मी बालाजीला सांगतो, ये म्हणून."

हेमानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली. मिनिटभर ती त्या गणपतीकडं बघत राहिली. मग तिनं त्याच्या बुडाशी नखं घातली.

"अगं हेमा, काय करायलीस! देव आहे तो."

"देव आहे तर रागावणार नाही. त्याला विचारूनच काढायलेय."

चिकटपट्टी चर्रर्र करत सुटली आणि आठ महिन्यांनी माझ्यावर ऊन पडलं. हेमाची दोन बोटं आत आली, मला चाचपलं, वर काढलं. माझ्या कपाळाला वाळकं कुंकू तसंच होतं. ती बघतच राहिली.

"अहो, हा तर माझा गणपती! पूजेतला. मी माझ्या हातानं ठेवलेला." मग तिनं मान वळवली. "त्या दिवशी पान कुणी उचललं होतं?"

माधवरावांनी त्या मोकळ्या भोकात डोकावून पाहिलं. "मीच," ते शेवटी म्हणाले. "आणि भोकावर झाकण बी मीच बसवलं. तुझ्या चालवण्याचं काही नव्हतं त्यात." त्यांनी खिशातून फोन काढला आणि बालाजीला येऊ नको म्हणून सांगितलं. फोन ठेवल्यावर खाली बघत बोलले. "खरं सांगू का? तू बसनं जायचीस तेव्हा स्टँडवर सोडायला तरी मी लागायचो. आता कशालाच लागत नाही. लय जळलो गं मी या गाडीवर."

हेमाचे डोळे भरून आले. "मग शिका की तुमी बी. मी शिकवते."

मी तिच्या मुठीत होते. तिनं मला डोळ्यांना लावलं. तो लुकलुक्या मागच्या सीटवर पालथा पडला होता. इतका आनंद मला कधी झाला नव्हता. मी मनाशी म्हटलं, आता त्या जागेवर मी बसणार.

कसलं काय! दुसऱ्या दिवशी बन्सीधरनं त्या भोकाला नीट झाकण केलं, खाली कापडाची पट्टी घातली आणि त्याच गणपतीला पुन्हा तिथंच बसवलं. माझं काय करायचं, हेमानं विचारलं. "पूजेची सुपारी गाडीत नको, परत हरवायची," माधवराव म्हणाले. मला देव्हाऱ्यात चांदीच्या वाटीत तांदळावर ठेवलं. रोज गंध, रोज फूल, निरांजन. जे जे मी मागत होते ते सगळं मिळालं.

पण सकाळी अंगणात गाडी सुरू होते आणि जीव कासावीस होतो. तो जातो तिच्याबरोबर, मी नाही. रविवारी तर माधवराव चालवायला बसतात आणि हेमा शेजारी हसत असते. म्हणजे आता मला त्या माणसावरही जळणं आलं. गाडी जराही वाजत नाही. खडखडत होते तेव्हा निदान पालमपर्यंत रोज तिच्या सोबत होते, हे मला त्या वेळी कळायला हवं होतं.

कधीतरी माझी पाळी येईल. जुन्या सुपाऱ्या गंगाखेडला गोदावरीत सोडतात, तशी मीही जाईन. माझी तक्रार नाही. एकच मागणं आहे हेमा, त्या दिवशी मला पुडीत बांधू नकोस. डॅशबोर्डच्या खणात मोकळी ठेव, गाडी तूच चालव, आणि वाटेत एखादा खड्डा आला तर तेवढा चुकवू नकोस.