चढवतानाच जोडून टाक

मानवजातीच्या इतिहासात काही शब्द युग पालटतात. उम्मेहानीचा शब्द एका टूलच्या हेल्पमध्ये, सत्ताविसाव्या ओळीत बसायचा होता.

संगणकाच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, छोटे प्रोग्रॅम चढवणारं हे टूल उम्मेहानीच्या पुण्यातल्या, खराडीच्या ऑफिसात सगळेच वापरत. ते प्रोग्रॅम चढवायचं, पण कामाला जोडायचं नाही. त्यासाठी दुसरी कमांड लागे, आणि टीम लीड प्रज्ञेश कांबळे ती हमखास विसरत. मागच्या महिन्यात नेटवर्कवर पहारा देणारा प्रोग्रॅम चढवून त्यांनी ग्राहकाला तीन दिवस "सगळं शांत आहे" असं कळवलं. पहारेकरी आत नुसता बसून होता.

"सर, विसरायचं तुम्ही चालू ठेवा," उम्मेहानी म्हणाली. "जोडायचं मी बघते."

"टोमणा होता का हा?"

"नाही सर, कामाची वाटणी."

तिने चाळीस ओळींत टूलसाठी नवा पर्याय लिहिला: कमांडमध्ये एक शब्द वाढवला की प्रोग्रॅम चढतानाच जोडला जाईल. टूल सांभाळणाऱ्या परदेशी मंडळींनी तो पाचदा परत पाठवला. दोन प्रोग्रॅम जोडले आणि तिसरा अडला तर, असं त्यांनी विचारलं. तिने आधीचे दोन सोडवून मागे यायची सोय केली, चाचण्या लिहिल्या, एकदाही चिडली नाही. इतकं नेटकं काम कांबळेंनी वीस वर्षांत पाहिलं नव्हतं, स्वतःचं धरून.

सहाव्यांदा पर्याय टूलच्या नव्या आवृत्तीत स्वीकारला गेला. कांबळेंनी ऑफिसभर पेढे वाटले आणि कौतुकाने तो स्वतः टाइप केला.

असा पर्याय नाही, टूल म्हणालं. ऑफिसातल्या सगळ्या मशीनवर टूलची चार वर्षांपूर्वीची आवृत्ती होती.