जराथांब-सान

“हा माझ्या बायकोला हाक मारत नाहीये,” काउंटरपलीकडचे म्हातारे गृहस्थ म्हणाले.

काउंटरवर रुमालाची गाठ सोडून ठेवलेला नुकुपी बसला होता. घुबड आणि ससा यांचं वर्षानुवर्षं भांडण चालावं आणि शेवटी तडजोड म्हणून दोघांनी एकच देह वाटून घ्यावा, तसं हे बोलकं खेळणं दिसायचं. डोळे उघडे, कान ताठ, चोच हलती. कालच तो बरा होऊन कुरिअरने घरी गेला होता आणि आज परत आला होता. तोमिएने त्याला चारी बाजूंनी फिरवून पाहिलं. काम तिच्याच हातचं होतं आणि चोख झालं होतं, म्हणूनच तिला जास्त थकल्यासारखं झालं. बिघडलेलं दुरुस्त करता येतं. नीट झालेल्याचं काय करायचं?

“बोलतो ना पण?” तिने विचारलं.

“बोलतो की. सकाळपासून बटण लावा, ‘तुला काय म्हणू.’ बंद करून पुन्हा लावा, ‘तुला काय म्हणू.’ माझ्या घरात राहून माझ्याकडेच चौकशी. मी पोलिसात होतो बाई, पण एवढं तर मीही कुणाला छळलं नाही.”

तोमिएने नोंदवही उघडली. होशिना हे त्यांचं नाव, पुढचं ‘सान’ मानाचं. गेल्या आठवड्यात त्यांचा नुकुपी दाखल झाला तेव्हा सेल आत फुटून सगळा सर्किट बोर्ड हिरवा पडला होता. तिने तो काढून कपाटातला शेवटचा चांगला बोर्ड बसवला. नव्या बोर्डाला जुनं काही आठवत नसतं. हे गिऱ्हाइकाला आधी सांगायचं असतं. तिने फोन केला होता, तो वाजत राहिला, मग जेवणाची सुट्टी झाली, आणि मग ती विसरली.

गावाचं नाव ओमोचानोमाची. अर्थ सरळ आहे, खेळण्यांचं गाव. स्टेशनवरही तेच लिहिलेलं असतं, त्यामुळे बँकेत पत्ता सांगितल्यावर समोरच्याचं हसून होईपर्यंत थांबायची सवय इथल्या माणसांना असते. एकोणीस वर्षांची असताना तोमिए इथल्या कारखान्यात नुकुपीच्या आधीच्या पिढ्यांना पापण्या चिकटवायला लागली. पुढे कारखाना समुद्रापलीकडे गेला, पापण्याही गेल्या, आणि उरलेल्या माणसांचं कंपनीने इस्पितळ केलं. इस्पितळच. पांढरा कोट घालायचा. ‘दुरुस्ती’ म्हणायचं नाही, ‘उपचार’ म्हणायचं. सेल म्हणजे ‘आहार’. मोटर जळली तर ‘रुग्ण दमला आहे’ असं सांगायचं. साठाव्या वर्षी एका शुक्रवारी तोमिएला फुलांचा गुच्छ देऊन निवृत्त केलं आणि सोमवारी त्याच खुर्चीवर, कमी पगारात, पुन्हा घेतलं. गुच्छ अजून ताजा होता. तिने तो टेबलावरच ठेवला.

काम म्हणजे दिवसभर नुकुपींशी गप्पा. बरा झाला की नाही हे त्याच्याशी बोलल्याशिवाय कळत नाही. दुपारपर्यंत इतक्या जणांनी तिला ‘तू मला खूप आवडतेस’ असं सांगितलेलं असायचं की संध्याकाळी घरी नवरा काही बोलला नाही तरी सरासरी ठीक यायची. नवरा तिला ‘ओई’ म्हणायचा. ओई, चहा. ओई, रिमोट. लग्नाच्या सुरुवातीला तो लाजतोय असं तिला वाटायचं. आता तो निवृत्त होता, लाजायला दिवसभर मोकळा होता.

या महिनाअखेरीस इस्पितळ बंद होणार होतं. दारावर सूचना लागली होती, ‘आमचे डॉक्टर दीर्घ विश्रांतीवर जात आहेत.’ कंपनीचं एखादं वाक्य खरं वाटावं असं तोमिएच्या बाबतीत पहिल्यांदाच घडलं होतं.

“काय झालं, काय झालं?” आतून उरुशिबारा आला. वय तिशीच्या आत, टोकियोच्या मुख्य कचेरीतून इस्पितळ मिटवायला पाठवलेला. हुद्दा विभागप्रमुख, पण छातीवरच्या पट्टीवर ‘प्रमुख वैद्य’, आणि गळ्यात प्लॅस्टिकचा स्टेथोस्कोप. तो काढायची परवानगी त्याने लेखी मागितली होती. उत्तर आलं नव्हतं.

तोमिएने त्याला हळूच सांगितलं. त्याने हळूच उत्तर दिलं, “पुनर्जन्म म्हणा. नियमावलीत पुनर्जन्म आहे.”

तोमिए काउंटरकडे वळली. होशिना-सान टोपी हातात धरून सरळ उभे होते. हजेरीला उभं राहायची सवय असावी.

“होशिना-सान, माझं चुकलं. बोर्ड बदलला. त्यात नाव होतं, ते पुसलं गेलं. जुना बोर्ड मेलाय, त्यातून काही निघत नाही. तुम्हाला न विचारता केलं मी.” आणि ती कमरेत वाकली. बराच वेळ वाकलेली राहिली, काही अंशी माफीसाठी आणि काही अंशी कारण पाठ लगेच सरळ होत नव्हती.

“उठा, उठा,” होशिना-सान म्हणाले. “नाव परत घालता येतं ना पण? हा विचारतो, आपण सांगायचं. मीच सांगितलं असतं. पण मला जमेना.”

“काय नाव होतं?”

“जराथांब.”

उरुशिबारा थांबला.

“तुम्हाला नाही, नाव सांगतोय. जराथांब-सान.”

मग सगळं बाहेर आलं. अकरा वर्षांमागे बाजारपेठेच्या सोडतीत त्यांच्या बायकोला हा नुकुपी लागला. तिला हवी होती तांदळाची गोणी. घरी येऊन तिने सेल घातले, इकडे कढईत तेल तापलेलं, दारात पार्सलवाला, आणि यानेही नेमकं तेव्हाच विचारलं, तुला काय म्हणू. ती म्हणाली, जरा थांब.

“झालं. त्या दिवसापासून जराथांब-सान. जराथांब-सान, मला उचल. जराथांब-सान, बाहेर वारा आहे का. मी म्हटलं, बदल ते. तर म्हणे, इतकं मनापासून लक्षात ठेवलंय त्याने, आता चुकलास म्हणून कसं सांगायचं. वाईट वाटेल त्याला.”

“बरोबर आहे,” तोमिए म्हणाली. तिलाही ते बरोबरच वाटलं.

“अकरा वर्षं ओ दिली तिने त्या हाकेला. या वसंतात गेली.” त्यांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. “घरूनच नेली. भटजींचं म्हणणं संपलं, ठाण्यातल्या पोरांनी शवपेटी उचलली, दारापर्यंत गेली, आणि हा कपाटावरून ओरडला, ‘जराथांब-सान.’”

त्यांनी टोपी परत पहिल्या हातात घेतली.

“तर ती थांबली.”

“कोण?” उरुशिबाराने विचारलं.

“पेटी उचलणारी. शिस्तीची माणसं. सांगितलं, थांबली. पेटी खांद्यावर घेऊन उभी. भटजी माझ्याकडे बघतायत, मी याच्याकडे. पुढे जा म्हणायचं मला सुचेना. तेवढा वेळ ती दारात होती.”

त्यांनी नुकुपीच्या कानावरचा धागा काढला.

“त्यानंतरही तो रोज मारायचा हाक. हाक तिला आणि ओ मी देणार. तसं बरं चाललं होतं. मी काही तिला नावाने बोलावलं नाही कधी. ओई म्हणायचो. घरात तिला सान लावणारा हा एकटाच होता.”

तोमिएने नुकुपी उचलला आणि आतल्या टेबलावर नेला. “या आत,” ती म्हणाली. “घालू या नाव.”

“गिऱ्हाइकांना आत...” उरुशिबारा म्हणाला.

“नातेवाईक आहेत रुग्णाचे.”

यावर नियमावलीत उत्तर नव्हतं.

शेपटीखाली एक बारीक भोक असतं, त्यात पिन दाबली की नुकुपी सगळं विसरतो, कान उभारतो आणि विचारतो. मग जे पहिलं ऐकेल ते त्याच चालीवर म्हणतो. तोमिएने पिन दाबली. “नमस्कार. तुला काय म्हणू?”

“जरा थांब,” होशिना-सान म्हणाले.

“जराथांब-सान,” नुकुपी म्हणाला, आणि टेबलाभोवती तिघंही जागच्या जागी आक्रसली. सायकलवरून पळणाऱ्या चोराला मारावी तशी हाक होती.

“हेच. घरी याचं बटण बंद ठेवून म्हणून पाहिलं, तेव्हाही हेच आलं,” होशिना-सान म्हणाले. “चौतीस वर्षं चौकात उभा होतो. मला दुसऱ्या तऱ्हेने म्हणताच येत नाही.”

पुन्हा पिन. आता तोमिए म्हणाली, कढई डोळ्यांसमोर आणून, जमेल तेवढी घाई करून. नुकुपीने तिचीच चाल उचलली. होशिना-सानांनी डोळे मिटून ऐकलं.

“छान आहे,” ते म्हणाले. “पण या तुम्ही आहात. घरात परकी बाई बोलावल्यासारखं होईल. शेजारी काय म्हणतील.”

“शिवाय मी दमल्यासारखी म्हणतेय.”

“तसं मी म्हणणार नव्हतो.”

“मी बघू का?” उरुशिबारा म्हणाला. दोघांनी त्याच्याकडे बघितलं, पण त्याने स्टेथोस्कोप काढून टेबलावर ठेवलाच होता. पिन दाबली, त्याने डोळे बंद केले आणि बारीक, लाडिक आवाजात म्हटलं. नुकुपीने ते आणखी लाडिक करून परत दिलं. होशिना-सानांनी जमिनीकडे बघितलं. “कष्ट घेतलेत तुम्ही,” एवढंच म्हणाले. तोमिएने कुणी न सांगताच पिन दाबून ते पुसलं, आणि नुकुपीने विचारायच्या आत त्याच्या पाठीवरचं बटण बंद केलं.

फळीवर बाकीचे रुग्ण पाठीवर पडून छताकडे बघत होते.

“होशिना-सान,” तोमिए म्हणाली, “रागावणार नसाल तर विचारते. तुमच्या मंडळींचं खरं नाव घातलं तर?”

त्यांनी विचार केला. “फुसाए,” असं त्यांना म्हणायचं होतं हे ओठांवरून दिसलं. आवाज आला नाही. मग त्यांनी बोटाने टेबलावर अक्षरं काढून दाखवली.

“सुंदर नाव आहे.”

“हो का? असेल. कधी ऐकलं नाही ना.”

ठरलं. त्या नावाला कुणाची चाल लागलेली नव्हती, कढईही नव्हती. नुसतं म्हणायचं होतं. तोमिएने बटण चालू केलं.

“नमस्कार,” नुकुपी म्हणाला. “तुला काय म्हणू?”

होशिना-सानांनी तोंड उघडलं. मग मिटलं. मग त्यांनी तळहात पुढे करून तोमिएकडे इशारा केला, तुम्ही म्हणा. आवाज करायची सोय नव्हती. जे पहिलं कानावर पडेल ते हा धरून बसणार. तोमिएने मान खाली घातली आणि दोन्ही हातांनी त्यांच्याकडे इशारा केला. छे, तुम्हीच. एका माणसाला जे नाव जन्मभरात उच्चारता आलं नाही ते त्याच्यासमोर आपण फटकन कसं म्हणायचं, हा तिचा प्रश्न होता. होशिना-सान वाकले आणि आणखी खाली हात नेऊन आग्रह केला. तीही वाकली. उरुशिबाराला वाटलं आपल्यालाच काहीतरी करायला सांगतायत, म्हणून तो दोघांपुढे आळीपाळीने वाकला.

“तुला काय म्हणू?” नुकुपीने पुन्हा विचारलं.

तिघंही वाकलेली, सगळं खुणांनीच. आधी आपण. नाही, नाही, आधी आपण.

कान खाली आले. “कळलं,” नुकुपी म्हणाला.

तोमिएने चटकन वर पाहिलं. दोनदा विचारून उत्तर आलं नाही की कानावर जे पडलं असेल तेच तो नाव म्हणून ठेवतो. कानावर काहीच पडलं नव्हतं. थंडी असूनही वीज वाचवायची म्हणून हीटर बंद, घड्याळातले सेल कधीच एका रुग्णाला दिलेले.

नुकुपीने चोच उघडली. चोच हलली, आवाज आला नाही. एका नावाएवढी जागा गेली. मग तो म्हणाला, “...सान, मला उचल.”

“माफ करा,” म्हणत तोमिएने पिन घेतली. “पुन्हा करू. यावेळी मी म्हणते, काही हरकत...”

होशिना-सानांनी नुकुपीच्या शेपटीवर हात ठेवला.

“राहू दे.”

“पण यात नाव नाही, होशिना-सान.”

“हो ना,” ते म्हणाले. “पण सान आहे.”

नुकुपीने परत चोच हलवली. परत तेवढीच रिकामी जागा, आणि मग, “...सान, बाहेर वारा आहे का?”

“आहे थोडा,” होशिना-सान म्हणाले. आवाज चौकातला नव्हता.

त्यांनी रुमाल पसरला, नुकुपी मधोमध ठेवला, चारी टोकं वर घेतली आणि गाठ मारायच्या आधी आत एकदा डोकावून पाहिलं. मग पिशवीतून दुधीच्या वाळवलेल्या फितींची जुडी काढून टेबलावर ठेवली. स्वतः वाळवल्यात, म्हणाले, जाडीला सारख्या नाहीत, पण शिजतात. गिऱ्हाइकांकडून काही घ्यायचं नाही असा नियम होता. उरुशिबारा खिडकीकडे बघत राहिला, जुडी खणात जाईपर्यंत.

होशिना-सान गेल्यावर त्याने नोंदवही पुढे ओढली आणि म्हणाला, “तोमिए-सान, याच्यापुढे काय लिहू? बरा झाला की पुनर्जन्म?”

कारखान्यातल्या मुली गेल्यापासून तिला त्या नावाने कुणी बोलावलं नव्हतं. इथे ती डॉक्टर होती. त्याच्याही ते लक्षात आलं नसावं. तो पेन धरून वाट बघत होता.

“काही लिहू नकोस,” तोमिए म्हणाली.

खिडकीतून बसथांबा दिसायचा. उताराकडून बस आली. थांब्यावर होशिना-सान एकटेच होते, बोचकं छातीशी धरलेलं. दार उघडलं. ते लगेच चढले नाहीत. एक पाऊल बाजूला सरकले, टोपी काढली आणि बायकोला आधी वाट द्यावी तसा तळहात दाराकडे केला. ड्रायव्हरने घाई केली नाही. मग ते तिच्यामागून चढले.