लाटसाहेबांना नेणाऱ्यासाठी

१. कपाटाएवढ्या काचेच्या पिंजऱ्यात वरच्या फांदीवर पसरलाय तो लाटसाहेब. अकरा फूट. अजगर खरा, पण अर्धा जीव झाडावर. पिंजरा माझ्या नवऱ्याने बनवला. ते काचा बसवायचं काम करायचे.

२. दार उघडल्या उघडल्या हात घालू नका. पिंजऱ्यात तो संशयी असतो, वरून झडप घालतो. आधी लोखंडी आकडी अंगाला हळूच लावायची. म्हणजे त्याला कळतं, आज जेवण नाही, साफसफाई आहे. मग नरम पडतो. बाहेर काढला की खांद्यावर टाकलेल्या ओल्या टॉवेलसारखा.

पुन्हा २. हे मला नवरा गेल्यावर कळलं. बारा वर्षं मी त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं.

४. खाणं. हिवाळ्याच्या तोंडावर ते गेले. तेव्हापासून लाटसाहेबांनी उंदराला तोंड लावलं नाही. फ्रीजरमधला मेलेला उंदीर गरम पाण्यात कोमट करून, चिमट्यात धरून, नाकासमोर हलवून पाहिला. मान वळवायचा.

नणंद म्हणाली, "वहिनी, या जनावराचा दादावर जीव होता हो."

"तुम्ही तर त्याला दोरखंड म्हणायचात."

"म्हणत असेन. पण दोरखंड कधी जेवण सोडतो का?"

दोघी हसलो. कितीतरी दिवसांनी. मग मी त्या खोलीतच खुर्ची टाकली. मलाही घास उतरत नव्हता. मुलगी फोनवर ओरडायची, "आई, देऊन टाक त्याला कुणाला तरी!" मी म्हणायचे, "अगं, दुःखात असलेल्याला कुणी घराबाहेर काढतं का?"

३. राहून गेलं होतं. डॉक्टर, प्राण्यांचे. गेल्या महिन्यात काटा घेऊन घरी आले.

"वजन जवळपास तेवढंच आहे. नर आहे ना, हा माद्यांचा हंगाम. या दिवसांत खाणं सुचत नाही त्यांना. दरवर्षी करत असणार. साहेबांनी कुठे लिहून नाही ठेवलं?"

ठेवलं होतं. वही पिंजऱ्यावरच होती. बारा हिवाळे, त्यांचं तिरकं अक्षर. नको म्हणाला. नको म्हणाला. आजही नको म्हणाला.

५. काल खाल्लं. चिमट्यातून हिसकावला, वेटोळं आवळलं, गिळला. पुन्हा फांदीवर. मी खुर्ची उचलून स्वयंपाकघरात आणली. डब्यात सकाळची पोळी होती, तशीच राहिली. या घरात त्यांच्यासाठी उपाशी असलेली मी एकटीच होते. पहिल्या दिवसापासून.

शेवटचं. रविवारी या. पिंजरा, फांद्या, वही, सगळं न्या. आकडी देणार नाही. तिच्या मुठीवर त्यांच्या अंगठ्यापुरती जागा झिजलेली आहे. तुम्ही नवी घ्या. मी आज झाडूच्या दांड्याने करून पाहिलं. तेवढाच शांत झाला.

त्याला फरक पडत नाही.